पिकअप नेमका कधी जातो?

‘गाडी मधूनच पिकअप घेत नाही’ अशी तक्रार आली की बऱ्याच गॅरेजमध्ये पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी प्लग आणि एअर फिल्टर, मग इंजेक्टरची सफाई, तेवढ्याने भागले नाही तर कॉइल, शेवटी फ्युएल पंप. गाडी चार दिवस बरी चालते आणि पुन्हा तीच रड. बिल मात्र प्रत्येक फेरीला वाढलेले असते. याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. ग्राहकाच्या पैशाने चालवलेला हा अंदाज आहे. मुंबई-गोवा महामार्गावर ट्रकला ओव्हरटेक करताना ज्याच्या गाडीची ताकद गेली, त्याला अंदाजाच्या भरवशावर परत पाठवणे धोक्याचे आहे.

सतत असणारा दोष समोर दिसतो. अधूनमधून येणारा दोष पकडावा लागतो, आणि त्याची सुरुवात प्रश्नांनी होते. टाकी कमी असताना होते का? तासभर चालल्यावर, इंजिन तापल्यावर? पावसानंतर? एसी लावून घाट चढताना? आपल्याकडे आणखी एक प्रश्न हवाच: सीएनजीवर होते की पेट्रोलवरही? सीएनजीचे मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग आधी सीएनजीवर उघडा पडतो. फक्त पेट्रोलवरच होत असेल, तर टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या वाटेवर शोध सुरू करा.

त्यानंतर ट्रायल, आणि तीही लोडवर. न्यूट्रलमध्ये कितीही रेस दिली तरी इंजिनला हवा आणि इंधन थोडेच लागते, त्यामुळे कमकुवत पंपही तिथे पास होतो. जवळचा चढ गाठा. जमल्यास ग्राहकालाच चालवू द्या, कारण त्याचा पाय कुठे दबतो ते त्यालाच माहीत असते. स्कॅनर शेजारी बसलेल्याच्या हातात हवा. आरपीएम, थ्रॉटल, हवेचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर आणि फ्युएल ट्रिम एवढेच रेकॉर्ड करा. फार आकडे निवडले तर बऱ्याच स्कॅनरचा वेग मंदावतो आणि नेमका तो क्षण निसटतो.

रेकॉर्डिंगमध्ये काय पाहायचे? पूर्ण पाय दाबल्यावर नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट दाखवायला हवा. ताकद गेली त्याच क्षणी तो खाली कोसळला, तर इंधन कमी पडत असण्याचा संशय पक्का होतो. पण इथे थांबा. मिसिंग होत असले तरी न जळलेल्या ऑक्सिजनमुळे हाच सेन्सर लीन दाखवतो. म्हणून गेज जोडून लोडवरचा फ्युएल प्रेशर पाहिल्याशिवाय पंपाला हात लावू नका. प्रेशर पडत असेल तरी पंप दोषी ठरत नाही. पंपाच्या कपलरवर, पंप चालू असताना, बॅटरीच्या तुलनेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर आधी रिले, वायर आणि अर्थिंग तपासा. काळवंडलेल्या एका पिनपायी चांगले पंप भंगारात जातात.

इंधनाची बाजू ठीक निघाली तर हवेचा आणि धुराचा मार्ग तपासा. टर्बो गाड्यांत इंटरकूलरचा पाइप आयडलवर धडधाकट दिसतो आणि दाब आला की चीर उघडते. तेलाचा ओला डाग जागा सांगतो. कॅटकॉन चोंदला असेल तर ताकद हळूहळू कमी होत जाते, पण आतली जाळी फुटून तुकडे हलत असतील तर तोही अधूनमधून गाडी अडवतो.

कोडविषयी एक आग्रह. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, ‘ऑक्सिजन सेन्सर बदला’ नव्हे. पी२१३८ म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरचे आकडे जुळत नाहीत. दोष पेडलमध्ये असेल किंवा त्याच्या कपलरमध्येही. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या. दोष उमटला तेव्हाचा वेग, तापमान आणि लोड त्यातच असतो, आणि कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते.

या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे घ्यायला आपला मेकॅनिक लाजतो. म्हणून तो भागाच्या नफ्यातून तपासाची मजुरी काढतो आणि भाग बदलण्याचा मोह तिथेच सुरू होतो. पुढच्या वेळी जॉबकार्ड छापाल तेव्हा त्यात ‘तपासणी मजुरी’ ही वेगळी ओळ घ्या, गाडी उघडण्याआधी ती रक्कम ग्राहकाला सांगा आणि ट्रायलचे रेकॉर्डिंग त्याला दाखवा.