एका म्यानात दोन तलवारी

‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका घरात दोन कर्ते झाले म्हणजे काय होते, हे कोणास सांगावयास नको. परंतु आमच्या शाळेच्या संगणककक्षातील यंत्रांत गेली कित्येक वर्षे अशा दोन तलवारी नांदत आहेत. एक विंडोज व दुसरी लिनक्स. यापुढे त्यांचे काय करावे, असा प्रश्न यंदा वार्षिकांकाच्या कामात आम्हा संपादक मंडळापुढे उभा राहिला. त्याविषयी आमचे मत येथे मांडीत आहोत.

संगणक चालू होताच जी आज्ञावली त्याच्या सर्व अवयवांचा ताबा घेते व इतर आज्ञावल्यांना काम वाटून देते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. एकाच हार्ड डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडून त्यांवर दोन कार्यप्रणाली ठेवता येतात. मात्र यंत्र चालू करतानाच त्यांपैकी एक निवडावी लागते. दुसरी हवी झाल्यास हातातील सर्व काम मिटवून यंत्र पुन्हा सुरू करावे लागते.

मग दोन हव्यात कशाला? आमचे रोजचे काम लिनक्सवर उत्तम चालते. परंतु आमच्या अंकाची जुनी पाने ज्या टंकांत जुळविली आहेत, ते टंक व तो जुळणीचा कार्यक्रम केवळ विंडोजवर चालतात. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते. तरी त्यानंतरही पुष्कळ वर्षे मराठी जुळणी जुन्या धाटणीच्या टंकांतच होत राहिली. अशा टंकातील ‘क’ हा संगणकाच्या लेखी ‘क’ नसतोच. कोणत्या तरी रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसविलेले ते केवळ एक चित्र असते. टंक नाहीसा झाला की पानावर उरतो तो अर्थहीन अक्षरांचा सडा. महाराष्ट्राबाहेरील आमच्या शाळेला ही गोष्ट विशेष जिव्हाळ्याची वाटावी, यात नवल नाही. माजी विद्यार्थ्यांचे पहिले लेख, निवृत्त गुरुजनांची मनोगते, गावातील मराठी कुटुंबांच्या आठवणी याच पानांत आहेत. त्या अन्यत्र कोठे शोधाव्यात?

त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ही टीपीएम २.० नामक सुरक्षा-घटक मागते, व आमच्या जुन्या यंत्रांत तो नाही. तेव्हा मंडळात दोन पक्ष पडले. ‘विंडोज पुसून टाका’, असे एकाचे म्हणणे. ‘आहे तसे चालू द्या’, असे दुसऱ्याचे. आम्हांस दोन्ही मते मान्य नाहीत. जुन्यास हाकलून देऊ नये, पण त्यास गादीवरही ठेवू नये. नव्या घरात पाहुणा म्हणून जागा द्यावी.

ही पाहुण्याची सोय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात आभासी यंत्र. चालू कार्यप्रणाली यजमान होते, आणि तिच्या आश्रयाने दुसरी प्रणाली एका चौकटीत, जणू स्वतंत्र संगणकावर असावी तशी, चालते. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर १९६० च्या दशकातच हा प्रयोग झाला होता. १९७२ साली त्या कंपनीने व्हीएम/३७० जाहीर केली. १९९९ साली व्हीएमवेअरने ती सोय घरगुती संगणकावर आणली, आणि २००७ साली केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले.

नेहमीची रीत अशी की, यजमानाने एक मोठी फाईल पाहुण्याची हार्ड डिस्क म्हणून दाखवावी व तीत दुसरी प्रणाली मुळापासून बसवावी. परंतु आमच्या जुळणीच्या कार्यक्रमाची मूळ तबकडी केव्हाच हरवली आहे. तो नव्याने बसविणार कोठून? म्हणून डिस्कवर पूर्वीपासून असलेली विंडोज जशीच्या तशी आभासी यंत्रात उठविणे, हाच मार्ग उरतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी एक लहानशी फाईल करतात. पाहुण्याचा मजकूर तीत नसतो, खऱ्या डिस्कचा केवळ पत्ता असतो.

हे सोपे वाटते, आणि येथेच आमचा घात झाला. एके दिवशी आमच्यापैकी एकाने विंडोज आभासी यंत्रात चालू केली. त्याच वेळी तेच पार्टिशन लिनक्समध्येही उघडे होते, व तिकडून दुसरा सहकारी छायाचित्रे त्यात उतरवीत होता. प्रत्येक कार्यप्रणाली डिस्कचे चित्र आपल्या स्मृतीत बाळगते व आपल्यावाचून तेथे कोणी लिहीत नाही असे गृहीत धरते. एकाच खातेवहीत दोन कारकुनांनी एकमेकांस न विचारता नोंदी कराव्यात, तसे झाले. तपासून ठेवलेली सोळा पाने गेली. ती पुन्हा जुळविताना म्हणीचा अर्थ आम्हांस नीट कळला: तलवारी दोन असण्यात धोका नाही, दोन्ही एकाच वेळी एकाच जागी उपसण्यात आहे.

आणखीही अडचणी आहेत. विंडोज ‘बंद’ केली तरी तिची जलद सुरुवातीची सोय चालू असल्यास ती पुरती झोपत नाही. म्हणून ती सोय आधी काढून टाकावी. आभासी यंत्रात तिला सारे अवयव अनोळखी दिसतात. डिस्कचा नियंत्रक ओळखीचा नसल्यास ती निळा पडदा दाखवून थांबते, परवान्याची पुन्हा खातरजमा मागू शकते, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास ४८ अंकी किल्ली विचारते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, मूळ पार्टिशन चालविता येते एवढ्यासाठी ते चालवू नये. प्रथम त्याची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, परवान्याच्या अटी शिक्षकांकडून पाहून घ्याव्यात, आणि त्या प्रतीलाच आभासी यंत्रात पाहुणी करावी. प्रत बिघडली तर दुसरी घेता येते; मूळ बिघडले तर अंकच बुडतो. या पाहुण्यास इंटरनेटची जोडणी मुळीच देऊ नये, कारण त्याची सुरक्षा आता कोणी पाहत नाही.

‘एवढ्या खटाटोपापेक्षा एक जुने यंत्र विंडोजसाठी राखून ठेवा’, असे कोणी म्हणेल. परंतु जुने यंत्र एक दिवस बंद पडणारच. प्रत मात्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येते. तरीही आभासी यंत्र हे कायमचे बिऱ्हाड नव्हे, तो पूल आहे. त्यावरून जुनी पाने एकेक करून युनिकोडमध्ये आणावीत व मुद्रिताशी ताडून पाहावीत. रूपांतरात जोडाक्षरे व रफार हमखास चुकतात. तेथे मराठी जाणणारा डोळाच हवा. प्रत्येक इयत्तेने दरवर्षी एक जुना अंक अंगावर घेतला, तर हे काम होण्यासारखे आहे. यंदाच्या सोळा पानांपासून आम्ही आरंभ केला आहे. पुढील अंक पुढच्या वर्गांनी उचलावेत, एवढीच आमची विनंती.