अवर्षणाचा भार कोणाच्या शिरावर?

कोरडवाहू शेतकरी मृगाच्या तोंडावर पीककर्ज उचलतो. त्या कर्जरोख्यात मुद्दल असते, व्याज असते, परतफेडीची तारीख असते. पावसाचा उल्लेख मात्र कोठेच नसतो. पहिल्या तारखेस निश्चित वेतन घेणाऱ्या आम्हां शहरवासीयांना त्यात काही वावगे दिसणार नाही. परंतु ज्याचे उत्पन्नच ढगांच्या मर्जीवर, त्याला पंचांगाशी जखडणे हा न्याय्य व्यवहार नव्हे.

1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जपुरवठ्यात सहकारी संस्थांचा वाटा अवघा 3 टक्क्यांच्या आसपास आढळला होता. पुढे सोसायट्या वाढल्या, बँका खेड्यांत गेल्या, सावकाराची पकड सैल झाली. पण जोखीम होती तेथेच राहिली. दुष्काळ जाहीर झाला की कर्जाचे पुनर्गठन होते, म्हणजे ऋण हलके होत नाही, लांबते. मग केव्हा तरी कर्जमाफी येते. 2008, 2017 आणि 2019 साली ती आली. पर्जन्यमापक पाहून आली, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

पीकविमा आहे, हे खरे. 2016 च्या पंतप्रधान पीकविमा योजनेत कर्जदारास तो सक्तीचा होता. 2020 च्या खरिपापासून ऐच्छिक झाला. महाराष्ट्राने 2023 साली तो एका रुपयात दिला आणि 2025 साली ती सवलत मागे घेतली. पीककापणी प्रयोगांचे आकडे जुळून भरपाई हाती येईपर्यंत पुष्कळदा परतफेडीची तारीख उलटून गेलेली असते.

केनियातील माचाकोस भागात गेल्या दशकात निराळा प्रयोग झाला. तेथे विमा कर्जातच गुंफला गेला. पाऊस ठरावीक मर्यादेखाली गेला की विम्याची रक्कम परस्पर धनकोकडे जाते आणि शेतकऱ्याचे देणे तितके उतरते. जमीन जाईल या धास्तीने कर्जाच्या वाटेसच न जाणाऱ्या लहान शेतकऱ्याला त्यामुळे धीर येतो. कल्पना आपल्याला परकी नाही. म्हैसूरच्या चक्रवर्तींनी 1920 सालीच पर्जन्यमापावर आधारलेल्या विम्याची योजना ग्रंथरूपाने मांडली होती.

दोष आहेतच. मापकाजवळ सर कोसळावी आणि कोसभरावरचे शिवार कोरडे राहावे, हे आपल्याकडे नवलाचे नाही. मंडळनिहाय हवामान केंद्रांनीही ही उणीव पुरती भरून निघत नाही. हप्त्याचा बोजा कोणी उचलायचा, हाही प्रश्न आहे. आमच्या मते माफीवर अधूनमधून उधळल्या जाणाऱ्या निधीतील काही अंश येथे खर्ची घालावा आणि माण, आटपाडी, जत अशा एखाद्या तालुक्यात जिल्हा बँकेने येत्या खरिपापासून आरंभ करावा. त्यासाठी कर्जरोख्यात पावसाचे एक कलम घालावे लागेल, आणि ते मृगापूर्वी घालावे लागेल.