परकीय चलन हवे, ते मिळविणारा नको!

दरवर्षी डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्याच्या पंचतारांकित रुग्णालयांना परदेशस्थ भारतीयांचा एकाएकी कळवळा येतो. नाताळच्या सुटीत मायदेशी येणाऱ्यांसाठी 'एनआरआय पॅकेज' जाहीर होते. विमानतळावर गाडी, दारात स्वागत आणि एका दिवसात डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. पन्नाशीला टेकलेल्यांसाठी त्यातच मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून पाहणी, म्हणजे कोलोनोस्कोपी. अमेरिकेत जिचे बिल हजारो डॉलरांत निघते ती तपासणी येथे काही हजार रुपयांत उरकते, याचे कौतुक भांडवलदारी वृत्तपत्रे रकानेच्या रकाने भरून करतात. 'वैद्यकीय पर्यटन' हा आपला नवा राष्ट्राभिमान आहे म्हणे! या कौतुकसोहळ्यात परदेशस्थ भारतीय म्हणजे न्यू जर्सीचा अभियंता किंवा लंडनचा हिशेबनीस एवढाच. शारजात सळ्या बांधणारा, कुवेतमध्ये ट्रक हाकणारा, जेद्दाहच्या गोदामात पेट्या उचलणारा खेड-दापोली-म्हसळ्याचा माणूसही परदेशस्थ भारतीयच आहे, हे या मंडळींच्या गावीही नाही.

प्रथम किमतीचे गौडबंगाल समजून घेतले पाहिजे. लवचिक नळीतून संपूर्ण मोठे आतडे पाहावयाचे आणि आत पॉलिप, म्हणजे मांसाचे कोंब, आढळल्यास ते तारेच्या फासाने जागीच काढून टाकावयाचे, ही पद्धत वुल्फ व शिन्या या शल्यविशारदांनी न्यूयॉर्कमध्ये १९६९ च्या सुमारास रूढ केली. म्हणजे या विद्येला अर्धशतक उलटून गेले. तरीही २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अमेरिकेतील बिले गोळा केली तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम गावच्या एका रुग्णास एक पॉलिप काढण्यासह १९,४३८ डॉलरांची आकारणी झाल्याचे उघड झाले. त्याच सुमारास या तपासणीस अमेरिकेत सरासरी १,१८५ डॉलर, तर स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशात ६५५ डॉलर पडत होते. नळी तीच, आतडेही तेच. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्याने लक्षणे नसलेल्यांची प्रतिबंधक तपासणी विमाधारकास विनामूल्य केली खरी. पण रक्त पडते म्हणून तोच मनुष्य तीच तपासणी करावयास गेला तर ती 'निदानासाठी' ठरते आणि खर्चाचा वाटा त्याच्या गळ्यात पडतो. शिवाय विमा नोकरीला बांधलेला. एच-वन-बी व्हिसावरील अभियंत्याची नोकरी सुटली की नवा मालक शोधण्यास त्याला फार तर ६० दिवस मिळतात. त्या अवधीत तो आतड्याची काळजी करील की घराच्या हप्त्यांची? तथापि त्याच्यापाशी निदान मुंबईचे तिकीट काढण्याइतकी ऐपत असते. आखातातल्या कामगाराची गोष्ट निराळी आहे.

आखातात जाणाऱ्या प्रत्येक कामगाराला निघण्यापूर्वी 'मेडिकल' करावे लागते. पूर्वी या व्यवस्थेला 'गामका' म्हणत, आता 'वाफिद' म्हणतात. छातीचा एक्स-रे निघतो; रक्तातून एड्स व कावीळ शोधली जाते; विष्ठेचा नमुनासुद्धा घेतला जातो, पण तो जंत आणि साथीचे जंतू पाहण्यासाठी. शेवटी कागदावर शिक्का बसतो: 'फिट' किंवा 'अनफिट'. बाजारात बैलाचे दात पाहतात त्या जातीची ही तपासणी. तिचे शुल्क कामगार भरतो आणि फायदा कफील घेतो. त्याच नमुन्यात न दिसणारे रक्त आहे काय, हे पाहण्याची चाचणी काही शे रुपयांत होते. चाळिशी-पन्नाशीच्या कामगाराला तिचा खरा उपयोग. मात्र आजच्या व्यवस्थेत ती आणली तर उलटाच अनर्थ होईल. नमुन्यात रक्त सापडले की 'अनफिट', आणि अनफिट म्हणजे एजंटाला दिलेले पैसे बुडाले. तपासणीचा निकाल मालकाच्या हाती जातो तोवर कोणताही शहाणा कामगार तपासणीपासून पळच काढील.

नेमके हेच आज घडते. शौचातून रक्त पडू लागले की कामगार पहिल्याने ते लपवितो. मग सोबतचे लोक मूळव्याध म्हणतात, औषधाच्या दुकानातून मलम येते, सुटीवरून येणारा कोणी गावच्या वैद्याची पुडी आणून देतो. मूळव्याध बहुतेक वेळा असतेही, आणि भारतीयांत मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्यांहून कमी आढळतो हेही खरे. धडधाकट अशा प्रत्येकाला नळीखाली निजवा, असे कोणी म्हणत नाही. परंतु चाळिशी उलटलेल्या माणसाचे रक्त पडते, वजन उतरते, शौचाची सवय बदलते, तेव्हा ते मूळव्याधच आहे असे आत पाहिल्यावाचून कोणत्या आधारावर सांगावयाचे? पॉलिपचा कर्करोग होण्यास बहुधा दहाएक वर्षे लागतात. अमेरिकेतील नोंदींप्रमाणे आतड्यापुरता मर्यादित असताना रोग हाती लागला तर दहातील नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. तो दूरच्या अवयवांत पसरल्यावर दहातील एखाद-दुसरा. या दोहोंतला फरक मलमाच्या नळ्यांत वाया जातो.

"तिकडे तर सर्वांना विमा सक्तीचा आहे," असे उत्तर हमखास मिळते. आहे. दुबईने २०१३ च्या कायद्याने तो सक्तीचा केला; हप्ता मालकाने भरावयाचा, असेही त्या कायद्यात आहे. महिना ४,००० दिर्हॅमांहून कमी पगाराच्या कामगाराला मूलभूत विमा मिळतो. त्यात जुन्या व दीर्घ आजारांना पहिले सहा महिने दार बंद, पुढे खर्चाचा काही वाटा रुग्णाचा, आणि खर्चिक तपासणीला विमा कंपनीची आगाऊ मंजुरी. शारजा, अजमान आदी उत्तरेकडील अमिरातींत तर ही सक्ती येण्यास १ जानेवारी २०२५ उजाडावा लागला. कुवेतचा मासला याहून उघडावाघडा. तेथे २०१३ मध्ये जहरा येथील सरकारी रुग्णालयात सकाळचा बाह्यरुग्ण विभाग केवळ कुवेती नागरिकांसाठी राखण्यात आला; परदेशस्थांनी संध्याकाळी यावे! २०१७ मध्ये त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांचे दर चढविले गेले, आणि डिसेंबर २०२२ पासून औषधांपोटी प्राथमिक केंद्रात ५ व रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात १० दिनारांचा भुर्दंड पडला. ज्यांनी ती रुग्णालये विटेवर वीट ठेवून बांधली त्यांच्यासाठी ही वेगळी रांग.

हे सारे अपरिहार्य आहे काय? मुळीच नाही. दुबईनेच मूलभूत विमाधारकांसाठी 'बस्मा' ही योजना काढून स्तन, गर्भाशयमुख आणि मोठे आतडे या तीन कर्करोगांची तपासणी व उपचार विम्यात घातले, आणि त्यासाठी माणशी वार्षिक वर्गणी अगदी क्षुल्लक ठेवली. एका शहराला जे परवडते ते तेलाच्या राशीवर बसलेल्या सर्व राजवटींना परवडले पाहिजे. पण दुबईच्या हद्दीबाहेर आणि त्या विम्याबाहेर कामगार पुन्हा मलमापाशी.

समजा, मंजुरी मिळाली. तरी कोलोनोस्कोपी म्हणजे नुसते टेबलावर निजणे नव्हे. आदल्या दिवशी अन्न बंद करून लिटरच्या लिटर रेचक द्रावण प्यावे लागते आणि रात्रभर शौचकूप सोडता येत नाही. एका खोलीत आठ-दहा माणसे आणि अनेक खोल्यांमागे मोजकी संडासे, अशा लेबर कॅम्पात ही तयारी कशी करावयाची? पहाटे चारला कामाच्या बसची वेळ होते तेव्हा संडासाबाहेर रांग असते. गुंगीचे औषध दिल्यावर घरी नेण्यास सोबती हवा. म्हणजे दोघांचे खाडे. आरोग्याच्या अर्थशास्त्रावर व्याख्याने देणाऱ्या पंडितांच्या कोष्टकात हे शौचकूप व हा खाडा कोठेच बसत नाहीत.

मग कामगार म्हणतो, सुटीवर गेलो की बघू. सौदी कायद्याने पहिली पाच वर्षे त्याला वर्षाला २१ दिवसांची रजा मिळते. गावी पोहोचून चार दिवस जातात. जिल्ह्याच्या ठिकाणी हे यंत्र आणि ते चालविणारा तज्ज्ञ ठरल्या वेळी भेटेल याची शाश्वती नाही, म्हणून मुंबई. केईएम, शीव, नायर, जे. जे. यांनी गोरगरिबांसाठी केलेले कार्य कोणी नाकारणार नाही. परंतु तेथील गर्दी पाहता बाह्यरुग्ण कागद, रक्त-तपासण्या, कोलोनोस्कोपीची तारीख, तुकडा काढला तर त्याचा अहवाल, हे सारे २१ दिवसांत बसणे म्हणजे दैवयोगच. खासगी रुग्णालयात दोन दिवसांत होते. पण तेथे दर 'दुबईवाला' पाहून लागतो. धर्मादाय रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार गरिबांसाठी खाटा राखीव आहेत. सवलतीची उत्पन्नमर्यादा ३ लाख ६० हजार रुपये. दीड हजार दिर्हॅम मिळविणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न कागदावर चार लाखांच्या पुढे जाते. त्यातून तिकडचे जेवण, एजंटाचे कर्ज आणि इकडचे पाच जणांचे घर वजा करणारा रकाना त्या अर्जात नाही. आरोग्य विमा काढलेला असला तरी केवळ तपासणीसाठी दाखल होण्याचा खर्च भारतातील विमा करारांच्या प्रमाणित अपवादांत मोडतो. आतडे कापावयाचे झाले तर विमा धावतो. ते कापावे लागू नये म्हणून आत पाहावयाचे तर तो हात वर करतो. सरकारी कर्करोग-तपासणी मोहिमेत तोंड, स्तन व गर्भाशयमुख एवढ्यांचाच समावेश. मोठे आतडे तिच्या यादीत नाही.

आणि दिल्ली? २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी ११,८७० कोटी डॉलर पाठविले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे त्यातील पाचव्या हिश्श्याहून अधिक रक्कम एकट्या महाराष्ट्रात आली. या पैशाच्या जोरावर रुपया सावरणाऱ्या सरकारने कामगाराला काय दिले? प्रवासी भारतीय विमा योजना: मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख, आणि इस्पितळात दाखल व्हावे लागल्यास १ लाखापर्यंत. तीही उत्प्रवासाला मंजुरी लागणाऱ्यांना. दहावी झालेला कोकणी मुलगा त्या सक्तीबाहेर. दूतावासांपाशी २००९ पासून समाजकल्याण निधी आहे. तो पासपोर्टादी कामांवर लावलेल्या जादा शुल्कातून, म्हणजे प्रवाशांच्याच खिशातून भरतो. त्यातून मृतदेह परत येतात, अत्यवस्थांना मदत होते, आणि ते योग्यच आहे. परंतु मदतीला पात्र होण्यासाठी आधी अत्यवस्थ व्हावे लागणे ही कोणत्या कल्याणकारी राज्याची रीत?

येथे आपल्या गोटातल्या एका समजुतीचाही समाचार घेणे भाग आहे. "दुबईवाल्यांना कसली ददात? स्लॅबचे घर बांधतात," असे पुष्कळ कार्यकर्ते खासगीत बोलतात. शेतमजूर व गिरणी कामगार हा श्रमिक, आणि परदेशी मजुरी करणारा तेवढा सुखवस्तू, ही कोणती वर्गीय मांडणी? घर स्लॅबचे आहे, ते बांधणाऱ्याला मात्र त्यात वर्षातून तीन आठवडे राहावयास मिळते. खरे कारण निराळे आहे. २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थाला मतदारयादीत नाव घालता येते, पण मत देण्यास जातीने केंद्रावर यावे लागते. मतदानाच्या दिवशी तो मस्कतमध्ये असतो, म्हणून कोणत्याच पक्षाला तो दिसत नाही. समाजवाद्यांनीही तोच चष्मा लावावा काय?

केरळने २००८ मध्ये कायदा करून प्रवासी कल्याण मंडळ उभारले. तेथे निवृत्तिवेतनापासून वैद्यकीय साहाय्यापर्यंतच्या तरतुदी झाल्या. परदेशातून येणाऱ्या पैशात केरळला मागे टाकल्याचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्र शासनाकडे तशाच कायद्याची मागणी लावून धरावी लागेल. त्यात दोन कलमे निःसंदिग्ध हवीत. निदानाचा खर्च, दाखल न होताही, मंडळाने द्यावा. आणि तपासणीचा निकाल रुग्णाखेरीज एजंट, कफील वा दूतावास यांपैकी कोणालाही मिळू नये.

कायद्याला वेळ लागेल. तोवर हातपाय बांधून बसण्याचे कारण नाही. ईदेला आणि मे महिन्यात कोकणातल्या गावोगावी ही माणसे येतात. त्या काळात मोहल्ल्यात व वाडीत चाळिशीवरील पुरुषांची विष्ठा-रक्तचाचणी तालुक्याच्या कार्यकर्त्यांना सहज घडवून आणता येईल. त्याला लागते थोडी वर्गणी, एक डॉक्टर आणि मूळव्याधीविषयीची लाज मोडण्याइतका मोकळेपणा. ज्यांच्या चाचणीत रक्त आढळेल त्यांना परतीचे तिकीट पाहून सरकारी रुग्णालयात अग्रक्रमाने तारीख द्यावी, यासाठी रत्नागिरी व रायगडच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि मुंबई महापालिकेकडे शिष्टमंडळे गेली पाहिजेत. ती मार्चमध्येच जावीत. मे उजाडल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात परतीची विमाने भरलेली असतात.