बोक्याची दादागिरी आणि घरातला इन्साफ

मुसलमान घरात यायला मांजराला दावत लागत नाही. दार उघडं दिसलं की ते येतं, उंबऱ्यावर बसतं आणि आठवड्याभरात घरचंच होऊन जातं. आपल्याला त्याचं कौतुकही असतं. अबू हुरैरा हे नावच मुळी मांजराच्या पिल्लावरून पडलेलं, हे आपण मुलांना हौसेनं सांगतो. वजूच्या पाण्याचं भांडं मांजराला पिता यावं म्हणून अबू कतादा यांनी कलतं धरलं, ही तिर्मिजी आणि अबू दाऊदमधली रिवायतही बऱ्याच घरांत माहीत असते. मांजर नापाक नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असा तिचा मतलब.

एक मांजर असेपर्यंत हे सगळं सोपं असतं. प्रश्न दुसरं आलं की सुरू होतो. दोघांपैकी एक दादा होतो आणि दुसऱ्याचं जगणं मुश्किल करतो. अशा वेळी आपल्याकडे तीन उपाय चालतात. पहिला, ‘रहने दो, आपस में देख लेते’. दुसरा, चप्पल. तिसरा, पोतं : त्रास देणाऱ्याला पोत्यात घालून मटण मार्केटपाशी किंवा नदीपलीकडे सोडून यायचं. माझं मत स्पष्ट आहे. पहिले दोन उपाय कुचकामी आहेत आणि तिसरा सरळ जुल्म आहे. खरा इलाज मांजरापेक्षा आपल्या घराच्या मांडणीत आहे.

आधी ही दादागिरी ओळखायची कशी ते सांगते, कारण ती बहुतेक वेळा मुकी असते. आमच्या घरात सुलतान नावाचा पाच वर्षांचा बोका आहे आणि त्याच्यानंतर आलेली नूरी. सुलतान गुरगुरत नाही की पंजाही उगारत नाही. तो फक्त स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधल्या बोळात आडवा पडतो आणि नूरीकडे एकटक बघतो. नूरी तिथूनच माघारी फिरते. पाहुणे म्हणतात, ‘किती गुण्यागोविंदानं राहतात!’ आपण फक्त आरडाओरड मोजतो, म्हणून आपली फसगत होते. दबलेलं मांजर पलंगाखाली किंवा कपाटावर दिवस काढतं. घाईघाईनं चार घास गिळून पळतं. ट्रे सोडून गादीवर किंवा कोपऱ्यात लघवी करतं. एकाच जागी चाटून चाटून केस घालवतं. गादी ओली झाली की मार त्यालाच बसतो. म्हणजे दादागिरी एकाची आणि सजा दुसऱ्याला.

आता ‘आपस में देख लेते’ या सल्ल्याकडे बघू. त्यामागे एक समज आहे : जनावरांत एक राजा ठरला की बाकीचे गप्प बसतात. ही कल्पना मांजरांवरून आलेलीच नाही. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२१च्या सुमारास कोंबड्यांचा अभ्यास केला, कोण कुणाला चोच मारते याची उतरंड मांडली. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरून तसंच काहीसं लिहिलं. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकामुळे कळपाच्या म्होरक्याची गोष्ट जगभर गेली. पुढे मेक यांनीच १९९९ साली लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं, तिथं गादीसाठी मारामारी चालत नाही. म्हणजे जी गोष्ट लांडग्यांनाही नीट लागू पडली नाही, ती आपण बोक्याच्या गळ्यात बांधतो.

मांजराचा पूर्वज हा आफ्रिका आणि पश्चिम आशियातला रानमांजर. तो एकट्यानं शिकार करतो. उंदरासारखी शिकार लहान असते, ती वाटून खायची पाळी येत नाही. माणसानं धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागं उंदीर आले आणि उंदरांमागं मांजर. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या कबरीत माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतरही मांजरानं कळपाचे कायदे फारसे शिकलेले नाहीत. खाणं भरपूर असेल तिथं आई, मावश्या, बहिणी एकत्र राहतात, एकमेकींची पिल्लंही सांभाळतात. पण अनोळखी मांजराशी जुळवून घेण्याची किंवा भांडणानंतर समेट करण्याची ठरलेली रीत त्यांच्याकडे दिसत नाही. कुत्रा हार मानून पोट दाखवतो. मांजराचा मार्ग एकच, निघून जाणं. मोकळ्या रानात ते जमतं. आपल्या दोन खोल्यांच्या घरात दबलेल्या मांजरानं जायचं कुठं? ‘आपस में देख लेते’चा अर्थ इतकाच होतो की कमजोरानं सोसत राहायचं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर ढकलाढकली व्हायची. दांडगी मुलं आधी प्यायची, बारकी मुलं तहानलेली वर्गात यायची. समज देऊन झाली, कान धरून झाले. मग समोरच्या भिंतीला दोन नळ आणखी बसवले आणि भांडणं निम्म्याहून कमी झाली. मुलं तीच होती. मांजरांचं नेमकं असंच आहे. सुलतानला नूरीशी वैर करायचं नसतं. त्याला वाटीची, ट्रेची, खिडकीची आणि उशाची खात्री हवी असते. ती खात्री आपण दिली नाही की तो स्वतः पहारा द्यायला बसतो.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत असलेली त्या बाईची हदीस आपल्याला पाठ असते. मांजराला बांधून ठेवलं, खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन कीडामुंगी खाऊ दिली नाही, म्हणून ती अजाबाची हकदार ठरली. त्यात तिनं मांजराला मारल्याचा उल्लेख नाही. वाट अडवली आणि सोय केली नाही, हा तिचा गुन्हा. पलंगाखाली दबून बसलेलं, वाटी आणि ट्रेपर्यंत पोचू न शकणारं मांजर आपल्या घरात कैदच असतं. पहारेकरी बोका असला तरी घर आपलं आहे. जाब बोक्याला कोण विचारणार?

मग करायचं काय? पहिली पायरी डॉक्टरची. चांगला वागणारा बोका अचानक हल्ले करू लागला तर त्याला काहीतरी दुखत असण्याची शक्यता असते : दात, सांधे, म्हाताऱ्या मांजरांत थायरॉइड. दबलेल्या मांजराकडेही बघा. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजराच्या यकृतावर चरबी चढू लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतो, कुंथतो आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेते.

दुसरी पायरी नसबंदीची. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांचं भटकणं, मारामारी आणि भिंतीवर धार मारणं कमी होतं. इथं लगेच ‘जायज आहे का’ हा सवाल येतो आणि तो रास्त आहे. हनफी फिकहमध्ये फायद्यासाठी जनावराची नसबंदी करायला वाव आहे. कोकणातल्या शाफई घरांत मत जास्त सावध असतं. आपल्या मौलानांना जरूर विचारा, पण सवाल पुरा विचारा. दर काही महिन्यांनी होणारी पिल्लं, त्यांतली किती जगतात, जखमा किती होतात, हे सांगून विचारा. अर्ध्या सवालाला अर्धंच उत्तर मिळतं.

तिसरी पायरी घराची. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवावेत आणि ते एका ओळीत नसावेत. एका कोपऱ्यातले तीन ट्रे बोक्याच्या लेखी एकच असतात. महागड्या वाळूचीही गरज नाही. जुनं घमेलं आणि चाळलेली बारीक रेती चालते, रोज साफ करायला हवी इतकंच. खाण्याच्या वाट्या अशा ठेवा की खाताना एकाला दुसरा दिसणार नाही. पाणी वेगळ्या जागी. उंचावर दोन तरी बसण्याच्या जागा द्या : कपाटाचा माथा, फळी, एकावर एक ठेवलेल्या ट्रंका. लपायला पुठ्ठ्याचं खोकं देत असाल तर त्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडा, एकच तोंड असलेलं खोकं म्हणजे पिंजरा. बोळात स्टूल नाहीतर टेबल ठेवा, म्हणजे एकजण खाली आडवा झाला तरी दुसऱ्याला वरून जाता येतं. सुलतानचा पहारा अशा एका टेबलानं बराच ढिला पडला. खिडकीत बाहेरचा बोका येऊन बसत असेल तर खालच्या काचेवर कागद चिकटवा. बाहेरच्यावरचा राग घरातल्यावर निघतो, हे माणसांनाही नवीन नाही.

मारू नका, पाणीही फेकू नका. मार बसला की बोक्याच्या डोक्यात हिशेब होतो : नूरी दिसली की आपल्याला दुखतं. वैर आणखी पक्कं होतं. तो टक लावून बसला असेल तर त्याच वेळी दोरी हलवून त्याचं ध्यान दुसरीकडे न्या. जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं त्याला दोरीमागं पळवा. शिकारीची खाज तिथं भागली तर नूरीमागं कमी लागतो. खरोखर जुंपली तर मधे हात घालू नका. मांजराचा चावा खोल जातो आणि लवकर पिकतो. उशी किंवा पुठ्ठा मधे सरकवा.

भांडण रक्तापर्यंत गेलं असेल तर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवून ओळख नव्यानं करून द्यावी लागते. एकाचं अंथरूण दुसऱ्याकडे ठेवायचं, म्हणजे वासाची ओळख होते. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या, दोघं निवांत खाऊ लागले की दार बोटभर किलकिलं, मग थोडा वेळ समोरासमोर. याला आठवडे लागतात, कधी महिने. दवाखान्यातून परतलेल्या मांजरावर दुसरं तुटून पडतं तेही वासामुळेच. त्याला काही तास वेगळं ठेवलं तर प्रकरण वाढत नाही. अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२४ साली घरातल्या मांजरांमधल्या तणावावर खास मार्गदर्शिका काढली, तिचा भरही डॉक्टरी तपासणी, जागा आणि धीर यांवरच आहे.

‘इथं माणसांना जागा पुरत नाही, मांजरांना तीन ट्रे कुठून आणू?’ असं कुणी म्हणेल. तक्रार खरी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत तीन मांजरं सुखानं राहू शकत नाहीत, म्हणून तिसरं ठेवून घेण्याआधीच हिशेब करावा. दारात आलेल्याला दूध देणं वेगळं आणि घरात ठेवून घेणं वेगळं. ठेवून घेतलं की ती अमानत झाली.

सगळं करूनही काही जोड्या जमत नाहीत. अशा वेळी एकाला दुसरं चांगलं घर शोधून देण्यात काही गैर नाही, बहीण, शेजारी, ओळखीचं कुटुंब. पोतं हा मार्ग नव्हे. घरात वाढलेल्या मांजराला मार्केटच्या बोक्यांमध्ये आणि कुत्र्यांमध्ये सोडणं म्हणजे त्याचा मृत्यू दुसऱ्याच्या हाती सोपवणं. १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात कलम ११खाली तो गुन्हाही आहे. कायदा दूर ठेवला तरी आपली मुलं बघत असतात. ज्यानं त्रास दिला त्याला पोत्यात घालून टाकून यायचं, हा धडा त्यांनी आपल्याकडून शिकावा का?

दोन मांजरं असलेल्या वाचकांना एकच विनंती. उद्या दिवसभर मांजरांकडे नीट लक्ष द्या. शेवटी कोण खातं, कुठल्या वाटेनं जाणं टाळतं आणि कोण कुठं बसल्यावर दुसरं उठून जातं, तेवढं एका कागदावर लिहा. मग एक वाटी उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि आठवडाभर फरक बघा.