घरातल्या दोन कॉम्प्युटरांचा अबोला

या आठवड्यात आमच्याच घरातली फजिती सांगतो. बुधवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत दोन कॉम्प्युटर आहेत. एक टेबलावरचा, सेकंडहँड घेतलेला, वायरने राउटरला जोडलेला. दुसरा मुलीचा लॅपटॉप. घरातले सगळे दाखले स्कॅन करून जुन्यावर ठेवलेले आहेत. महाडीबीटीवर मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. नेमकी त्या संध्याकाळी लाईट गेली. नऊला आली, पण इंटरनेट आलेच नाही. मुलीने मोबाईलचा हॉटस्पॉट घेतला. अर्ज उघडला, पण जात वैधता प्रमाणपत्र जुन्या कॉम्प्युटरवर आणि तो लॅपटॉपला दिसेना! पेन ड्राइव्ह भाचा घेऊन गेलेला.

आमची पहिली चूक समजुतीची होती. नेट नाही म्हणजे फाईल जाणार नाही, असे आम्ही धरून चाललो. तसे नसते. घरातल्या घरात फाईल पाठवायला इंटरनेट लागत नाही, राउटर चालू असला की पुरे. मात्र दोन्ही यंत्रे त्याच राउटरवर हवीत, आणि लॅपटॉप तर मोबाईलवर बसला होता. हे ओळखायची खूण सोपी आहे. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'आयपीकॉन्फिग' टाइप करून आयपीव्ही-४ पत्ता पाहावा. घरच्या राउटरवर सहसा दोन्हींचे पहिले तीन आकडे सारखे असतात. आमच्या जुन्याचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता, लॅपटॉपचा १९२.१६८.४३ ने. दोघे दोन गल्ल्यांत!

लॅपटॉप राउटरच्या वाय-फायवर आणला, तरी दार बंदच. इतक्यात भाचा आला, पेन ड्राइव्ह मित्राकडे ठेवून. "मामा, फायरवॉल बंद करा. नाहीतर एसएमबी-वन चालू करू, लगेच दिसेल." आम्ही त्याचा हात धरला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा किडा याच जुन्या एसएमबी-वनमधल्या भगदाडातून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जात जगभर पसरला. लोकांच्या फायलींना कुलूप लावून तो खंडणी मागत होता. इंग्लंडमधली सरकारी इस्पितळेही त्यात अडकली. विंडोज १० च्या २०१७ मधल्या शरद ऋतूतल्या आवृत्तीपासून नव्याने घातलेल्या विंडोजमध्ये ही पद्धत आपोआप चालू होत नाही. विंडोज ७ पासून पुढच्या यंत्रांना ती लागतही नाही. ज्या दाखल्यांसाठी कचेरीच्या चकरा मारल्या, ते अशा उघड्या दारात कोण ठेवील?

खरे कारण साधे निघाले. जुन्या कॉम्प्युटरने घरच्या नेटवर्कला 'पब्लिक' समजून ठेवले होते, म्हणजे स्टेशनवरच्या वाय-फायसारखे परके. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर ते 'प्रायव्हेट' केले आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू केले. शेजाऱ्यांना वाय-फायचा पासवर्ड दिलेला असेल, तर आधी तो बदलावा.

मग फाईल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि जुन्याचा पत्ता टाकला. आता नाव आणि पासवर्ड मागू लागला. मुलीने लॅपटॉपचा पिन टाकला. चालला नाही, आणि चालणारही नव्हता. इथे ज्या यंत्रावर फाईल आहे त्याचे नाव-पासवर्ड लागते, पिन नव्हे. जुन्याला तर आम्ही पासवर्डच ठेवला नव्हता! बिनपासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. ही गोष्ट आम्हांला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हती. अर्धा तास आम्ही उगाच वायर काढून घालत होतो.

शेवटी जुन्यावर वेगळे खाते काढले, त्याला पासवर्ड दिला, आणि दाखल्यांचा एकच फोल्डर त्या खात्यासाठी शेअर केला, तोही नुसता वाचण्यापुरता, 'रीड'. अख्खी डी ड्राइव्ह 'एव्हरीवन'ला देऊन मोकळे होणारे आम्ही पाहिले आहेत. घाईत असेच होते.

फाईल लॅपटॉपवर आली, मुलगी परत हॉटस्पॉटवर गेली आणि पावणेबाराला अर्ज भरून झाला. जुना कॉम्प्युटर मधेच झोपी गेला की लॅपटॉपवरून पुन्हा नाहीसा होतो. त्याची 'स्लीप'ची वेळ आम्ही दुसऱ्या दिवशी वाढवली. पेन ड्राइव्ह अजून आलेला नाही.