पंधरा दिवसांत खांदा बरा होत नाही

आयुष्मान भारत योजनेत रुग्णाला घरी सोडल्यानंतरचा साधारण 15 दिवसांचा खर्च धरलेला असतो. खांद्यातली फाटलेली कंडरा हाडाला शिवली, तर हाताची झोळी चार ते सहा आठवडे काढता येत नाही. शिवलेली जागा हाडाला नीट धरायला तीनेक महिने जातात, आणि जड काम करायला सहा महिने थांबावं लागतं. म्हणजे व्यायामाला सुरुवात होण्याआधीच योजनेनं रुग्णाचा हात सोडलेला असतो.

मी मूळची नागपूरची. गेली अनेक वर्षं दिल्लीत करोल बागेत फिजिओथेरपीचं छोटं केंद्र चालवते. चांदणी चौकाजवळच्या कूचा महाजनीत आणि आमच्या करोल बागेत सांगली जिल्ह्यातली, विटा-आटपाडीकडची बरीच गलाई मंडळी आहेत. सोनं-चांदी वितळवणारी ही माणसं दिवसभर भट्टीसमोर उभी असतात आणि तापलेली मूस सांडशीनं उचलतात. त्यांच्यातले पन्नाशी ओलांडलेले एक काका जिन्यावरून घसरले, हातावर पडले आणि खांद्याची कंडरा तुटली. एका मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली होती, हे मी खांदा तपासून सांगते. घरी करणारं कोणी नाही म्हणून ते गोवा एक्स्प्रेसनं गावी गेले. चार महिन्यांनी दिल्लीला परतले तेव्हा हात खांद्याच्या रेषेपर्यंतही जात नव्हता.

"ताई, डागदर म्हणले हलवू नका, म्हणून म्या हलवलाच न्हाई."

कागदावर इंग्रजीत शेवटची एक ओळ होती, सल्ल्यानुसार फिजिओथेरपी करावी. पण सल्ला कोणी द्यायचा, कधी, कुठे, कितव्या आठवड्यात झोळी काढायची, याचा कुठे पत्ता नव्हता. काकांनी सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं. त्यांच्यावर रागवायचं कशासाठी?

कोपराचं तर नेमकं उलटं. कोपर भयंकर लवकर आखडतं. तिथलं मोडलेलं हाड पट्टी-स्क्रूनं पक्कं बसलं की बहुतेक वेळा काही दिवसांतच हालचाल सुरू करावी लागते. नेमकं तिथं लोक महिनाभर हात गळ्यात अडकवून बसतात, आणि मग घाबरून जुन्या दिल्लीतल्या एखाद्या पहलवानाकडून तेल लावून जोरात चोळून घेतात. दुखावलेल्या कोपराला असं रगडलं तर स्नायूतच हाड धरण्याचा धोका असतो. खांद्याला थांबायचं, कोपराला थांबायचं नाही, ही साधी गोष्टसुद्धा रुग्णाला घरी जाताना त्याच्या भाषेत कोणी सांगत नाही.

आपल्याला माहीत असलेली मोठी उदाहरणं आठवून पाहा. पानिपत जिल्ह्यातल्या खंडरा गावचा नीरज चोप्रा. मे 2019 मध्ये मुंबईत त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची दोहाची जागतिक स्पर्धा त्यानं सोडली, आणि जानेवारी 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेत 87.86 मीटर फेक करून टोकियोचं तिकीट मिळवलं. त्याआधी सचिन तेंडुलकर. मे 2005 मध्ये लंडनला कोपराची शस्त्रक्रिया, ऑक्टोबरात आमच्या नागपूरला 93 धावा आणि डिसेंबरात इथं कोटलावर विक्रमी 35वं कसोटी शतक. दोघांचेही सर्जन निष्णात होते. पण मधले महिने त्यांच्यामागे रोज कोणीतरी उभं होतं, म्हणून तो हात पुन्हा भाल्याला आणि बॅटला लागला. मूस उचलणाऱ्या हाताला याहून कमी कशाला चालेल?

मी शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. तुटलेली कंडरा व्यायामानं जोडली जात नाही, आणि पुन्हा पुन्हा निखळणाऱ्या तरुण खांद्याला अनेकदा शस्त्रक्रियाच लागते. मात्र प्रत्येक दुखरा खांदा टेबलावर घ्यायची गरज नसते. खांद्याच्या वरच्या हाडाची कड घासून जागा करण्याची शस्त्रक्रिया जगभर होत आली. 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत काही रुग्णांचं हाड खरोखर घासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काढली. दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मधुमेही माणसांना वारंवार छळणारा आखडलेला खांदाही बहुतेकांचा व्यायाम, इंजेक्शन आणि वेळ यांवर सुटतो. दीड-दोन वर्षं धीर धरणं फार अवघड असतं, हे मला रोज दिसतं.

दिल्लीत सोयी नाहीत असंही नाही. सफदरजंग रुग्णालयात 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्तानं खेळाडूंच्या दुखापतींसाठी उभं राहिलेलं सरकारी केंद्र आहे, तिथं शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी एकाच छताखाली मिळते. एप्रिल 2025 मध्ये दिल्ली सरकारही आयुष्मान योजनेत आलं. केंद्राचे 5 लाख आणि दिल्लीचे 5 लाख मिळून कुटुंबामागे वर्षाला 10 लाखांचं कवच झालं. पैसा आहे, सर्जन आहेत. पण रुग्ण बुलंदशहरचा, दरभंग्याचा किंवा विट्याचा असतो, आणि टाके निघाले की तो भाड्याची खोली सोडून गाडीत बसतो.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. खांदा आणि कोपराच्या शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच सहा महिन्यांची फिजिओथेरपी धरा, आणि ती रुग्णाच्या तालुक्यात घेता आली पाहिजे. फिजिओथेरपिस्टना कायद्याच्या चौकटीत आणणारा कायदा 2021 सालीच संसदेनं केला आहे, तेव्हा कोणाला पैसे द्यायचे हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. घरी सोडताना हिंदीत किंवा मराठीत एक पान द्या: काय शिवलं, झोळी कधी काढायची, कोणती हालचाल कोणत्या आठवड्यात, काय उचलायचं नाही. आणि रुग्णालयाला मिळणाऱ्या रकमेतला दहावा हिस्सा राखून ठेवा. तिसऱ्या महिन्यात हात किती अंश वर जातो याची नोंद, मग ती विट्याच्या फिजिओथेरपिस्टनं केलेली का असेना, आल्यावरच तो द्या. हे मोजायला एमआरआय लागत नाही. काही शे रुपयांचा प्लॅस्टिकचा कोनमापक पुरतो, आणि तो आमच्यापैकी प्रत्येकाच्या टेबलावर असतो.