चार जीबी नेमके कुणाचे?

आमच्या बचत गटातल्या एकीच्या लेकीला इंटिरियर डिझाइनला प्रवेश मिळाला. गटातून कर्ज काढून लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, चार जीबी ग्राफिक्स आहे, डोळे मिटून न्या.’’ नेला. महिन्याभरात पोरगी रडकुंडीला आली. थ्रीडीत खोली फिरवायला घेतली की सगळं जागच्या जागी थिजायचं.

मी बी.ए. मराठी, मला यातलं काय कळणार! पण कर्जाच्या कागदावर माझीही सही होती. भाच्याला समोर बसवलं आणि समजून घेतलं. वाड्यातला सामायिक हौद आठवतोय? तसंच हे. काही लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी असते, ती डेडिकेटेड. बाकीच्यांत चित्रासाठी लागणारी मेमरी मशीनच्या रॅममधूनच घेतात, ती शेअर्ड. म्हणजे हौद एक आणि भरणारे दहा. विंडोज साधारण अर्ध्या रॅमपर्यंत अशी मुभा देतं. हिच्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी, त्यातलेच हे ४! वेगळं असं काही दिलेलंच नव्हतं. शिवाय कार्डाची स्वतःची मेमरी रॅमपेक्षा बरीच वेगवान असते, तो फायदाही गेला.

आकडा फुगवायची ही रीत जुनीच. २००४ मध्ये एनव्हिडियाचं टर्बोकॅश आलं, तेव्हाही कार्डावर ३२ एमबी असताना रॅम धरून १२८ एमबी सांगितले जात.

शेअर्ड वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. टॅली, टायपिंग, ऑनलाइन वर्ग यांना ती पुरते, बॅटरीही जास्त टिकते. उगाच महागाचं घेऊ नका. पण मुलगी थ्रीडी किंवा व्हिडिओ एडिटिंग शिकणार असेल, तर पैसे मोजण्याआधी दुकानातच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जीपीयू बघा. डेडिकेटेड किती, शेअर्ड किती, तिथेच लिहिलेलं असतं. रॅम काही लॅपटॉपमध्ये नंतर वाढवता येते, ही डेडिकेटेड मेमरी नाही.

आम्ही दोघी दुकानात परत गेलो, तर म्हणे, ‘‘घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा, त्यांना समजावतो.’’ हप्ता ती शिवणकामातून भरतेय. अजून चौदा बाकी आहेत, आणि पोरगी थ्रीडीसाठी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर नंबर लावतेय.